सुट्टी कधी द्यायची तेही राजधानीनेच ठरवायचं?

मा. संपादक,
स.न.

कालचा अग्रलेख सकाळी वाचला, रात्री परत वाचला आणि झोपेचं खोबरं झालं. प्रांतांना अधिकार दिले की देशाला तडे जातात हे तुम्ही इतक्या खात्रीने लिहिलंय की एखादं तरी उदाहरण असेल म्हणून शेवटपर्यंत शोधत बसलो. स्कॉटलंडमध्ये 1997 ला सार्वमत झालं, 74 टक्के लोक हो म्हणाले, 1999 ला त्यांची स्वतःची पार्लमेंट सुरू झाली, आणि 2014 ला ब्रिटनमधून बाहेर पडायचं का असं विचारलं तर 55 टक्के लोकांनी सरळ नाही सांगितलं. आता तुम्ही स्पेनमधला कॅटालोनिया काढाल. काढा की, 2017 ला तिथे देशातून फुटायचा प्रयत्न झाला तो झालाच, पण त्याच स्पेनमध्ये असे 17 स्वायत्त प्रांत आहेत, त्यातले बास्क प्रांतवाले तर बहुतेक टॅक्स स्वतःच गोळा करतात आणि ठरलेली रक्कम राजधानी माद्रिदला देतात, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.

असो. माझं डोकं फिरलं ते 'राजधानीत बसलं की सगळं चित्र दिसतं' या वाक्याने. साहेब, मी राजधानीतल्या एका खात्यात 11 वर्षं बसलोय, आम्हाला तिथून फक्त फाइली दिसायच्या. एका लांबच्या जिल्ह्यातून दरवर्षी एकच अर्ज यायचा, की आमच्याकडे पाऊस उशिरा येतो आणि तेव्हा नदी ओलांडता येत नाही, तर शाळेची मोठी सुट्टी दोन महिने पुढे ढकलू द्या. पैसे मागत नव्हते, फक्त तारखा. तरी ती फाइल चार टेबलं फिरायची आणि उत्तर जायचं की देशभर एकच वेळापत्रक असल्याने विनंती मान्य करता येत नाही. ते उत्तर मीच टाइप करायचो, दुसऱ्या वर्षापासून तर नुसती तारीख बदलायचो. चौथ्या वर्षी अर्ज आलाच नाही, तर आमचे साहेब म्हणाले, बघा, प्रश्न सुटला! मीपण हसलो होतो तेव्हा. पोरं शाळेत जात होती की घरी बसली होती, कुणी विचारलं नाही, मीही नाही.

तारखा त्या जिल्ह्याने ठरवल्या असत्या तर देशाचं काय मोडणार होतं? उलट एकाने करून बघितलं की बाकीचे शिकतात, ब्रिटनमध्येच वेल्सने प्लास्टिक पिशवीचे पैसे घेणं 2011 ला सुरू केलं, इंग्लंडला त्यासाठी 2015 उजाडलं.

आणि 'प्रांतांतली माणसं पैसे खातील' हे तर कमालच आहे, राजधानीत काय उपास करतात का? हिशोब तपासा ना. केनियाने 2010 च्या घटनेतच लिहून ठेवलंय की 47 काउंट्यांना, म्हणजे त्यांच्या जिल्ह्यांना, देशाच्या महसुलातला किमान 15 टक्के वाटा द्यायचाच, कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. पैसा न देता नुसते अधिकार दिले तर तो निव्वळ टोलवाटोलवीचा प्रकार, एवढं मात्र तुमचं पटलं.

जाता जाता, जिल्ह्याच्या बातम्यांचं पान तुम्ही बंद केलंत तेही याच विचाराने का? आता आमच्याकडची बातमी तिकडे हेड ऑफिसला जाते आणि तिसऱ्या दिवशी गावाचं नाव चुकवून छापून येते. मागचं माझं पत्रही निम्मं कापलं होतंत. याही वेळी कापायचंच असेल तर स्पेन कापा, शाळेचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक