कोशिंबिरीतलं कूट आणि घरचे पाहुणे

मा. संपादक, स.न.वि.वि.

गौरी-गणपती आले की तुमच्या पुरवणीत रेसिपींचा पाऊस पडतो, छान असतात, आमच्याकडे कात्रणं काढून ठेवतात. पण जेवायला येणाऱ्यांत कोणाला अॅलर्जी असेल तर काय, यावर एक ओळ नसते म्हणून हे पत्र.

माझ्या भाचीला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. आता आपल्याकडे दाणे कशात नसतात ते सांगा! कोशिंबिरीत कूट, अळूत दाणे, भरल्या वांग्यात कूट, आणि गौरीच्या ताटातलं पंचामृत (पूजेतलं नव्हे, ते मिरच्यांचं आंबटगोड) म्हणजे तर सगळा तीळ-दाण्याचाच कारभार. ती नको म्हणाली की कोणीतरी मावशी म्हणणारच, "अगं चमचाभर घे, प्रसाद आहे, बाधत नाही." बाधतं हो मावशी! ओठ सुजतात, घसा आवळतो, कधी श्वास अडकून जिवावर बेतू शकतं, नखरे नाहीत ते.

आमच्या वहिनी कूट घालायच्या आधीच तिची वाटी काढून झाकून ठेवतात, डावही वेगळा. आणि मिक्सर! ज्या भांड्यात सकाळी कूट केलं त्यातच नुसतं विसळून चटणी फिरवली तर काय उपयोग, पात्याखाली कण अडकलेले असतातच.

ज्यांना गहू चालत नाही त्यांना पुरणपोळी वाढायची नाही एवढं कळतं सगळ्यांना, पण डबीतल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं, म्हणजे वरणाची फोडणीपण गेली. डबी उलटी करून वाचा एकदा.

पाकिटावर शेंगदाणे, दूध, गहू, सोया वगैरे अॅलर्जीवाले पदार्थ आहेत असं वेगळं लिहायचा नियम आहे एफएसएसएआयचा (म्हणजे आपल्या देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण), 2020 चा, पण त्या यादीत तीळ नाही! अमेरिकेने 2023 पासून घेतलाय, आणि तिळगूळ वाटणारे आपण अजून बारीक अक्षरात शोधतोय. सुट्ट्या मिठाईचं तर विचारूच नका, काउंटरवर विचारलं की "प्युअर आहे हो" एवढंच उत्तर.

तर यंदा प्रत्येक रेसिपीखाली 'यात दाणे, तीळ, गहू, दूध आहे' एवढं तरी छापा, आणि कुटाऐवजी काय घालायचं तेही. आम्ही कोशिंबिरीत ओलं खोबरं घालतो, मस्त लागते, फक्त पाहुण्यांना नारळ चालतो ना ते आमंत्रणाच्या फोनवरच विचारून घेतो.

- एक वाचक, डोंबिवली