फर्नांदा मोन्तेनेग्रो यांची नाटकं जपा : ब्राझीलच्या संस्कृतिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संस्कृतिमंत्री, ब्राझील, यांस
सविनय नमस्कार.

आपण आज जे खातं सांभाळता, ते १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष सार्नेय यांनी ज्येष्ठ अभिनेत्री फर्नांदा मोन्तेनेग्रो यांना देऊ केलं होतं. बाईंनी नकार दिला आणि त्या नाटकच करत राहिल्या. पुढे २०१९ मध्ये खातं बंद झालं, २०२३ मध्ये पुन्हा उभं राहिलं. ते उभं राहिलं याचा इतक्या दूर बसून मलाही आनंद झाला, म्हणून हे मागणं.

मी मराठी नाटकवेडा. पोर्तुगीज येत नाही. बाईंची ओळख झाली ती 'सेंट्रल स्टेशन' या सिनेमातून. रिओच्या स्टेशनात टेबल मांडून निरक्षरांची पत्रं लिहून देणारी डोरा, ही बाईंची भूमिका. माणसं जीव ओतून मजकूर सांगतात. ही पैसे घेते आणि घरी नेऊन पत्रं फाडते, नाहीतर खणात कोंबते. आमच्या मुंबईत जीपीओबाहेर असेच पत्रलेखक बसायचे, त्यामुळे ते टेबल मला परकं वाटलं नाही. पुढे ती एका पोरक्या पोराला घेऊन त्याच्या बापाच्या शोधात निघते. शेवटी बसमध्ये ती स्वतःच त्या पोराला पत्र लिहिते, आत फोटो दिसणारं इवलंसं भिंग डोळ्याला लावते आणि रडता रडता हसते. तो चेहरा मी विसरू शकलेलो नाही. त्या भूमिकेला बर्लिन चित्रपट महोत्सवाचं रौप्य अस्वल मिळालं, ऑस्करचं नामांकनही. ऑस्कर हुकलं, याची हळहळ आजही वाटते.

सिनेमा उरला. पण नाटकं? १९५० च्या दशकात तुपी या टीव्ही वाहिनीवर त्यांची नाटकं थेट प्रक्षेपित व्हायची. व्हिडिओटेप आली नव्हती. प्रयोग संपला की संपला. १९५९ मध्ये पती फर्नांदो टोरेस आणि सेर्जियो ब्रितो वगैरे मित्रांसह त्यांनी 'तेआत्रो दोस सेते' ही नाटकमंडळी काढली. ते प्रयोग आज आम्ही कुठे पाहायचे? आणि जपलेलंही जळतं, हे २०२१ मध्ये साओ पाउलोत सिनेमातेका या चित्रपट-संग्रहालयाच्या गोदामाला आग लागली तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलं.

२०२४ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, बाईंनी साओ पाउलोच्या इबिरापुएरा उद्यानात सुमारे १५,००० लोकांसमोर फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हारचं लेखन वाचलं.

माझी विनंती एवढीच : त्यांच्या आणि त्यांच्या पिढीच्या कलावंतांच्या नाटकांचं, अभिवाचनांचं जे काही चित्रण हाती आहे ते सरकारी खर्चाने गोळा करा, उपशीर्षकं देऊन खुलं करा. प्रती दोन वेगळ्या शहरांत ठेवा.

आपला,
एक मराठी नाट्यरसिक