‘ॲपवर दिसत नाही’ हा पुरावा नव्हे

संपादक महोदय,

कोकणात रात्री समुद्रात दिवे दिसले आणि जहाजे दाखवणाऱ्या मोबाइल ॲपच्या नकाशावर तिथे काही नसले, की ‘संशयास्पद जहाज’ म्हणून संदेश फिरतो, कधी तो बातमीतही येतो. हा नकाशा जहाजावरच्या एआयएस यंत्राच्या, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप कळवणाऱ्या यंत्राच्या, संदेशांवर चालतो. ते यंत्र परदेशी फेरी करणाऱ्या 300 ग्रॉस टन (जहाजाच्या आकारमानाचे माप) व त्यापुढच्या जहाजांना सक्तीचे आहे. मासेमारीच्या प्रत्येक होडीवर ते असेलच असे नाही, आणि नौदल ते बंद ठेवू शकते. संदेश व्हीएचएफ रेडिओलहरींवरून जवळजवळ सरळ रेषेत जातो. त्यामुळे टप्प्यात रिसीव्हर नसेल, तर डोळ्यांसमोरचे मोठे जहाजही मोफत ॲपवर उमटत नाही. उमटलेच, तर नोंद किती मिनिटांपूर्वीची आहे ते आधी पाहावे. चालते जहाज दर 2 ते 10 सेकंदांनी जागा कळवते. ‘पुढचे बंदर’ मात्र हाताने भरावे लागते, आणि मागच्या फेरीचेच नाव अनेकदा तसेच राहून जाते.

त्यापेक्षा दिवे वाचावेत. 50 मीटर वा अधिक लांबीच्या चालत्या जहाजावर दोन पांढरे दिवे असतात, पुढचा खाली आणि मागचा वर. ते 6 सागरी मैलांवरून दिसायला हवेत. बाजूच्या लाल-हिरव्या दिव्यांना 3 मैलांचीच अट आहे. म्हणून लांबच्या जहाजाचा रंग दिसत नाही, पण दिशा कळते. पश्चिमेला तोंड करून उभे राहा: खालचा दिवा उजवीकडे असेल तर जहाज उत्तरेला चालले आहे. जवळ आल्यावर त्याचा हिरवा दिसेल, दक्षिणेला जाणाऱ्याचा लाल. लाल-हिरवा एकदम दिसला तर ते थेट तुमच्याकडे येते आहे. नांगरलेल्या मोठ्या जहाजाचे उलटे असते, पुढचा दिवा वर आणि मागचा खाली. नवखे इथेच हमखास फसतात. हिरव्याखाली पांढरा म्हणजे ट्रॉलर जाळे ओढतो आहे, लालाखाली पांढरा म्हणजे दुसऱ्या पद्धतीची मासेमारी. एकावर एक दोन लाल म्हणजे जहाज चालकांच्या नियंत्रणात राहिलेले नाही. हे मात्र ताबडतोब कळवण्यासारखे.

दिवसा सकाळीच पाहावे, ऊन आपल्या पाठीशी असते. दुपारनंतर नुसती काळी आकृती उरते. पुळणीवरून क्षितिज जेमतेम 5 किलोमीटरवर असते, 50 मीटर उंच सड्यावरून सुमारे 27. जयगडकडे येणाऱ्या बल्क कॅरियरच्या (सुटा माल नेणाऱ्या जहाजाच्या) डेकवर चौकोनी झाकणांची रांग दिसते, टँकरच्या डेकवर पाइप आणि मधोमध छोटी क्रेन. दाभोळकडच्या काही एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) जहाजांवर गोल घुमट असतात, काहींवर नसतात. पाण्यावर बुडाचा रंगीत पट्टा रुंद दिसला तर जहाज बहुधा रिकामे.

1554 (तटरक्षक दल) किंवा 1093 (सागरी पोलीस) वर फोन करताना वेळ, उभे असल्याची जागा, होकायंत्राने दिशा, दिव्यांचे रंग आणि त्यांचा वर-खाली क्रम सांगावा. बातमीतही एवढे तपशील छापावेत, ही विनंती.

— एक वाचक, जयगड (जि. रत्नागिरी)