पूनमला पत्र : ब्रँच काढायच्या आधी

चि. पूनम,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर सांगितलं की तो पार्टनर म्हणतो, नाशिक, जळगाव आणि संभाजीनगरला तुझ्या नावाचे टॅटू स्टुडिओ टाकू, पैसा त्याचा, नाव तुझं, तू महिन्यातून एखादी चक्कर मारायची आणि टक्केवारी घ्यायची. अप्पा काय करू असं तू विचारलं, पण दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, नीट बोलता आलं नाही म्हणून आता निवांत लिहितो. माझं मत पहिलेच सांगून टाकतो, नाव देऊ नको. का देऊ नको ते खाली लिहिलंय, लांबलं तरी पूर्ण वाच.

तो टॅटूवाला एड हार्डी, ज्याचे ड्रॅगन तू मला मोबाईलवर दाखवले होते, त्याच्याबद्दल मी मिळेल ते वाचून काढलं. तुला यातलं बरंच माहीत असेल पण माझ्यासारख्या बोर्ड रंगवणाऱ्या माणसाला त्यात काय दिसलं ते ऐक. माणूस १९४५ चा, अमेरिकेतला. दहा वर्षाचा असताना गल्लीतल्या पोरांच्या अंगावर पेन्सिलीनं चित्रं काढून टॅटूचं दुकान-दुकान खेळायचा. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्ट कॉलेजात धातूच्या पत्र्यावर कोरून छापे काढायचं शिक्षण घेतलं, १९६७ ला डिग्री घेतली, पुढच्या शिक्षणासाठी येलसारख्या मोठ्या युनिव्हर्सिटीचं बोलावणं होतं ते सोडलं आणि टॅटूच्या दुकानात बसला. त्या काळात तिकडेही हे काम खलाशांचं आणि टपोरी लोकांचं समजलं जायचं, घरच्यांना काय वाटलं असेल विचार कर. होनोलुलूचा टॅटू काढणारा सेलर जेरी त्याला गुरूसारखा, त्याच्याकडून ओळख निघाली आणि १९७३ ला हा जपानला होरिहिदे नावाच्या टॅटूच्या उस्तादाकडे जाऊन काम शिकला. पूर्ण पाठभर एकच चित्र कसं बसवायचं, अंगाच्या वळणाबरोबर ते कसं फिरवायचं, हे तिथलं. परत येऊन १९७४ ला स्वतःचा स्टुडिओ टाकला, तिथे भिंतीवरचं चित्र बोट दाखवून निवडायची सोयच नव्हती, अपॉइंटमेंट घ्या, बसा, बोला, मग तुमच्यासाठी नवीन चित्र काढतो. आज तू पुण्यात करते ते हेच ना.

आणि मग २००० नंतर त्याने नाव आणि चित्रं कपड्याच्या कंपनीला लायसनवर दिली. टीशर्ट, टोप्या, सेंट, काय काय निघालं त्याच्या नावाने, जगभर खपलं. पैसा भरपूर आला असेल, त्याला मी वाईट म्हणत नाही. पण पूनम, आज एड हार्डी म्हटलं की बहुतेकांना चमकीचा टीशर्ट आठवतो. ज्या माणसाने २००० साली चिनी पंचांगातल्या ड्रॅगनच्या वर्षासाठी पाचशे फूट लांब कागदावर दोन हजार ड्रॅगन काढले, त्याला लोक कपड्याचा ब्रँड समजून राहिले. २०१९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग म्युझियमने त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं, चित्रकार म्हणून मान मिळाला, पण तोवर वय सत्तरच्या वर गेलं होतं.

त्याचं तर नुसतं टीशर्टवर गेलं, फाटला की फेकता येतो. तुझं नाव माणसाच्या कातडीवर जाईल.

मागे मी पुण्याला आलो होतो तेव्हा तो रावेरकडचा पोरगा आला होता बघ, हिंजवडीत नोकरीला असलेला. वडील वारलेले, आणि त्याच्याकडे वडिलांच्या सहीचा एक जुना कागद होता, केळीच्या गाडीच्या हिशोबाचा, चार घड्या पडलेला. ती सही त्याला मनगटाच्या वर पाहिजे होती. मी कोपऱ्यात बसून बघत होतो. कागद तू काचेवर ठेवून खालून लाईट दिला, ट्रेस केला, आणि ती सही कशी, तर हात थरथरलेला, 'पाटील' मधला ट अर्धवट, वेलांटी मधूनच तुटलेली. माझ्यातला पेंटर मनात म्हणाला की ही वेलांटी आता जोडेल. तू जोडली नाही. जिथे पेन उचलला होता तिथेच तू सुई उचलली. काम झाल्यावर तो पोरगा बराच वेळ हाताकडे बघत बसला, आणि तू त्याला पाणी दिलं, पैशाचं काही बोलली नाही तो उठेपर्यंत.

हे जळगावच्या ब्रँचमध्ये कोण करणार, सांग. तिथे तीन महिन्याचा कोर्स केलेला मुलगा बसेल, तो वेलांटी जोडून देईल, आणि बोर्डावर नाव तुझं राहील.

तूच मला समजावलं होतं की शाई कातडीच्या दुसऱ्या थरात, मिलिमीटर दीड मिलिमीटरवर बसली पाहिजे. वर राहिली तर झडते, खोल गेली तर पसरते आणि लाईन निळसर फुगून दिसते. नंतर मी वाचलं की ते कण आपल्या शरीरातल्या पेशीच गिळून धरून ठेवतात, ती पेशी मेली की सुटलेला कण बाजूची नवीन पेशी पकडते, फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी २०१८ ला उंदरांवर हे दाखवलं. म्हणजे चित्र तिथेच, पण धरणारे हात बदलत राहतात. मला फार नवल वाटलं. तर एवढ्या बारीक फरकाचं काम मशीनने होत नाही, मशीन तर १८९१ पासून आहे, न्यूयॉर्कच्या ओ'रायलीने पेटंट घेतलं तेव्हापासून. हात लागतो, आणि हात महिन्यातून एक चक्कर मारून तयार होत नाही. माझ्याकडे तू शाळेत असताना नंबर प्लेट रंगवायची, सरळ रेघ यायला तुला किती दिवस गेले ते तुला माहीत आहे.

स्वच्छतेचंही तसंच. तुझ्याकडे प्रत्येकाला नवीन सुई, समोर पाकीट फोडून, स्टीलचं सामान ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या मशीनमध्ये. यात्रेत काही ठिकाणी काय चालतं ते आपण बघितलंय, एकच सुई, एकच शाईची वाटी, रांगेने पोरं. कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही, सगळं रक्तातून जातं. दुसऱ्या गावी तुझ्या नावाखाली कोणी सुई वाचवली तर तुला कळणार पण नाही. आणि तो भरतीवाला पोरगा आठव, अमळनेरचा, त्याला मानेवर वाघ पाहिजे होता, तू आधी विचारलं भरतीला जातोस का. आर्मीत कोपर ते मनगट आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे एवढंच चालतं, आदिवासी समाजाच्या रूढीचं असेल तर त्यांना सूट आहे. तू त्याला परत पाठवलं, आलेलं गिऱ्हाईक सोडलं. टार्गेट दिलेला मॅनेजर सोडेल का?

मग वाढायचं कसं, असं तू म्हणशील, बरोबर आहे, एका हाताने किती कमावणार, पाठ आत्तापासून दुखते तुझी. माझं म्हणणं एवढंच की आधी माणूस तयार कर. फिलिपिन्सच्या डोंगरात वांग-ओड नावाची आजी आहे, १९१७ चा जन्म, लिंबूवर्गी झाडाचा काटा, बांबूची काडी आणि काजळी एवढ्यावर गोंदते. २०२३ ला वोग फिलिपिन्स या फॅशनच्या मासिकाच्या कव्हरवर आली. तिच्याकडे रीत अशी की विद्या रक्ताच्या नात्यातच द्यायची, तिला मूलबाळ नाही, तर तिने भावंडांच्या नाती शेजारी बसवल्या आणि शिकवल्या. आपल्याकडच्या गोंदणाऱ्या बायाही लेकीसुनांना असंच शिकवायच्या. तुझ्या मोठ्या मायच्या हनुवटीवरचे ठिपके अशाच एका बाईने टोचलेले, दारात बसून. मोठी माय म्हणायची, दागिना आठेच ऱ्हातस, गोंदन तेवढं संगे येस, म्हणजे दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं. ज्या लोकांची अशी समजूत आहे त्यांच्या अंगावर तू काम करते.

ती शिरपूरची पोरगी, पावरा समाजातली, जी तुला शिकवा म्हणून मागे लागली आहे, तिची वही तू मला पाठवली होती. चांगला हात आहे तिचा, रेघ घाबरत नाही. तिला हो म्हण. पहिले वर्षभर साफसफाई, स्टेन्सिल आणि नकली कातडीवर सराव, खऱ्या अंगाला हात नाही, आणि फी घेऊ नको, उलट खर्चाला काही दे. पुण्यात राहायचं भाडं तिला झेपणार नाही, तर तुझ्या आईचं म्हणणं आहे की तुझी मागची खोली रिकामीच आहे. तिला आधी कावीळ बी ची लस द्यायला लाव, तीन डोस असतात, आणि तुला लस लागू पडली का ते कळायला तुझी अँटिबॉडी टेस्टही करून घे. आखाजीला येशील तेव्हा तिलाही घेऊन ये, तिच्या आईवडिलांना शिरपूरला जाऊन भेटू, पोरगी पुण्याला पाठवायची तर त्यांना आपलं घर माहीत पाहिजे, मी सोबत येतो.

तुझे
अप्पा