कील आधी बघ

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मी रागाने ठेवला. तू विकत घ्यायच्या बोटीचे एवढ्या हौसेने फोटो पाठवलेस आणि मी पहिलं काय विचारलं, तर ‘कुठे आपटली होती का?’ तू म्हणालीस, बाबा, तुम्हाला दुसरं काही दिसतच नाही. दिसतं गं. ३२ फुटी, १९८६ ची, जाड फायबरची. किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायला दोघांना भरपूर. निवड चांगली आहे. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

डेकवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. आवाज बद्द आला तर आतल्या बाल्सा लाकडात पाणी शिरलंय. डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या ते बिलं बघून ठरव. १०-१५ वर्षं झाली असतील तर नव्या तारांचा खर्च किमतीतून वजा कर. त्या तारा धरणाऱ्या पट्ट्या, चेनप्लेट, डेकमधून जिथे खाली उतरतात तो भाग दिसत नाही, आणि स्टेनलेस स्टील नेमकं तिथेच गंजतं. इंजिन तू जाईपर्यंत चालू करू नका, असं बजाव. हात लावून बघ, गार हवं. गरम इंजिन बहुतेक वेळा लगेच सुरू होतं, मग दोष कळत नाही.

आणि कील, बोटीच्या तळाखाली बोल्टांनी धरलेलं ते वजन. बोट खडकाला लागली की कीलचं पुढचं टोक खाली ओढलं जातं आणि मागचं वर तळात घुसतं. म्हणून आतल्या जमिनीच्या फळ्या उचल, बिल्ज, म्हणजे त्याखालची पाणी साचायची जागा, कोरडं कर, मागच्या बोल्टांजवळ केसाएवढ्या चिरा शोध. २०१४ साली ‘चीकी राफिकी’ ही ४० फुटी बोट अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली. चौघे परत आले नाहीत. आधी तळ लागल्याने आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी ती कमकुवत झाली असावी, असं चौकशीत निघालं.

पुन्हा शिकवायला बसलो. माफ कर. रात्रीच्या वाऱ्यात एकटीने सुकाणू सांभाळणारी तू, तुला मी काय सांगणार!

तू नऊ वर्षांची होतीस. ओहोटीला मी जवळची वाट धरली आणि आपली बोट खडकावर धाडकन बसली. तू बाकावरून पडलीस, आणि उठून विचारलंस, ‘बोटीला लागलं का?’ भरती येईपर्यंत तू टॉर्च घेऊन बिल्जपाशी बसून होतीस. पाणी आलं नाही.

दोन वर्षांनी ती विकली, तेव्हा घेणाऱ्याने हाच प्रश्न विचारला. मी म्हटलं, एकदा वाळूत अलगद टेकली होती. तुझी आई उठून आत गेली. त्या माणसाने माझ्या शब्दावर बोट घेतली. पुढे तिचं काय झालं, हे विचारायचा धीर मला आजवर झालेला नाही. दादालाही हे माहीत नाही.

म्हणून सई, विकणारा माणूस कितीही भला वाटला तरी त्याच्या शब्दावर जाऊ नकोस. बोट तपासणारा सर्व्हेअर तू शोधलेला हवा, त्याने सुचवलेला नको. बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय व्यवहार पक्का करू नकोस.

ती उचलायचा दिवस ठरला की कळव. मी येईन. बोलणार नाही, टॉर्च धरीन.

तुझे,
बाबा

ता. क. मागच्या बोल्टांजवळचा एक फोटो तेवढा पाठव. फळ्या उचलून काढलेला.