डेरीचा डायमंड चौक आणि तुमचा चौक

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शहराच्या शांतता समितीवर तुझं नाव आलं आणि पहिल्याच बैठकीत चौकातल्या मिरवणुकीचा विषय येणार, म्हणून तू विचारलंस की उत्तर आयर्लंडमधली माणसं हे कसं निभावतात. सगळीकडे निभावतात असं नाही. डेरीत निभावलं, पोर्टाडाउनमध्ये नाही. दोन्ही गावांत पंथ तेच, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक, ढोलबासरीचे बँड तेच, भांडणही तेच. मग फरक कशाने पडला, हे कळलं तर तुला बैठकीत बोलायला काहीतरी हाती लागेल. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी चौक डोळ्यांसमोर आण. डेरी हे तटबंदीचं शहर. तट १६१३ ते १६१९ या काळात बांधलेला, घेर साधारण दीड किलोमीटर, अजून अखंड. आत मधोमध डायमंड नावाचा चौक, चार दिशांच्या वेशींतून चार रस्ते तिथे येऊन मिळतात. चौकात पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक आहे. तटाच्या पश्चिमेला, अगदी पायथ्याशी, बॉगसाइड ही कॅथलिक वस्ती. तटावर उभा राहिलेला माणूस खालच्या घरांच्या अंगणात पाहू शकतो. ही उंचीच निम्म्या भांडणाचं मूळ आहे. शहराच्या नावावरसुद्धा एकमत नाही, प्रोटेस्टंट लंडनडेरी म्हणतात, कॅथलिक डेरी.

मिरवणूक काढणारी संघटना अप्रेंटिस बॉइज ऑफ डेरी. डिसेंबर १६८८ मध्ये कॅथलिक राजा जेम्सचं सैन्य वेशीवर आलं तेव्हा तेरा शिकाऊ कामगार पोरांनी दरवाजे लावून घेतले, आणि पुढच्या वर्षी शहराने १०५ दिवसांचा वेढा सोसला. त्याची आठवण वर्षातून दोनदा: डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दरवाजे लावल्याची, ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी वेढा उठल्याची. डिसेंबरात शरणागतीची भाषा करणाऱ्या लुंडी नावाच्या गव्हर्नरचा भलाथोरला पुतळा जाळतात. ऑगस्टची मिरवणूक मोठी, शंभराहून अधिक बँड आणि गावोगावहून आलेली हजारो माणसं. या संघटनेची दीक्षा तटाच्या आतच घेता येते. त्यामुळे ‘दुसरीकडे काढा ना मिरवणूक’ हा सल्ला त्यांना लागूच पडत नाही. समोरच्याला ती जागा का हवी, हे नीट समजून न घेता पर्यायी मार्ग सुचवणारे अधिकारी तिथे वारंवार तोंडघशी पडले.

आणि कॅथलिकांना ती का खुपते? १२ ऑगस्ट १९६९ ला याच मिरवणुकीच्या वेळी तटावरून खाली बॉगसाइडच्या दिशेने पेनी फेकल्या गेल्या, खालून दगड आले, आणि तीन दिवस दंगल चालली. १४ तारखेला ब्रिटिश सैन्य रस्त्यावर उतरलं आणि पुढची जवळजवळ चार दशकं तिथेच राहिलं. एका बाजूला ती वेढ्याची स्मृती, दुसऱ्या बाजूला ही. दोन्ही खऱ्या आहेत. एकीला खोटी ठरवून दुसरीचा प्रश्न सुटत नाही.

आता कायदा. हा भाग जपून वाच, कारण आपल्याकडची चूक इथेच दिसते. १९९८ पर्यंत मिरवणुकीला अटी घालायचा अधिकार पोलिसांचा, आणि प्रत्यक्षात विचार मुख्यतः एकाच गोष्टीचा, गंभीर दंगलीची शक्यता. म्हणजे जास्त दंगल करण्याची धमकी ज्याची, निकाल त्याच्या बाजूने. पोर्टाडाउनमध्ये जुलै १९९६ मध्ये हेच झालं. ड्रमक्री चर्चमधून गारवाघी रस्त्याने, म्हणजे कॅथलिक वस्तीतून, ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेला परत यायचं होतं. पोलिसांनी अडवलं. हजारो माणसं शेतात जमली, सगळ्या प्रांतात रस्ते बंद झाले. काही दिवसांतच पोलिसप्रमुखांनी निर्णय फिरवला आणि रहिवाशांना बाजूला सारून मिरवणूक नेली. मग दुसऱ्या बाजूने दंगली. दोन्ही समाज एकच धडा शिकले: गर्दी जमवा, निर्णय बदलतो.

त्यानंतर प्राध्यापक पीटर नॉर्थ यांच्या समितीच्या शिफारशीवरून परेड्स कमिशन, म्हणजे मिरवणूक आयोग, आलं आणि १९९८ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले. एक अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य. निर्णय आयोगाचा, अंमलबजावणी पोलिसांची. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेत ही फारकतच सर्वांत मोलाची. ज्याला संध्याकाळी लाठी हातात घ्यायची आहे, त्याने सकाळी मार्ग ठरवू नये.

काम असं चालतं. संयोजकाने मिरवणुकीच्या किमान २८ दिवस आधी ‘अकरा-एक’ क्रमांकाचा फॉर्म पोलिस ठाण्यात द्यायचा: तारीख, निघायची वेळ, जायचा-यायचा संपूर्ण मार्ग, अंदाजे माणसं, बँडची नावं, स्वयंसेवकांची व्यवस्था, संयोजकाचं नाव-पत्ता. विरोधात निदर्शनं करणाऱ्यांनाही ‘अकरा-तीन’ हा फॉर्म १४ दिवस आधी द्यावा लागतो. मुदत वेगळी, पण आधी सूचना देण्याचं बंधन दोघांवरही, हे महत्त्वाचं. अंत्ययात्रांना आणि सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या नेहमीच्या मार्गावरच्या मिरवणुकांना यातून सूट. बहुतेक मिरवणुका बिनबोभाट जातात. वादग्रस्त असतील त्या आयोग बाजूला काढतो, दोन्ही बाजूंचं ऐकून घेतो आणि लेखी निर्णय देतो. निर्णय मिरवणुकीच्या काही दिवस आधी येतो. नवी माहिती असेल तर आयोगाकडेच फेरविचार मागता येतो, नाहीतर उच्च न्यायालय.

निर्णयासाठी पाच गोष्टी पाहाव्या लागतात: दंगल आणि मालमत्तेचं नुकसान, रहिवाशांच्या दैनंदिन जीवनात येणारी अडचण, समाजांमधल्या संबंधांवर परिणाम, आधीच्या वेळी आचारसंहिता पाळली की नाही, आणि मार्ग परंपरेने चालत आला आहे का. परंपरा यादीत आहे, पण पाचातली एक. आपल्याकडे ‘पारंपरिक मार्ग’ हे दोन शब्द उच्चारले की बैठक तिथेच संपते. तसं होऊ देऊ नकोस. आयोगाला बंदी घालता येत नाही, फक्त अटी घालता येतात. बंदी मंत्र्याच्या हातात, आणि ती अगदी क्वचित. अटी मात्र बारीक असतात: किती माणसं, किती बँड, या नाक्यापासून त्या नाक्यापर्यंत वाजवायचं नाही, प्रार्थना चालू असलेल्या चर्चसमोरून जाताना फक्त चालीचा एकेरी ठेका, थांबायचं नाही, बेकायदा सशस्त्र संघटनांची चिन्हं नकोत, मागून चालणारे समर्थक या नाक्यावर थांबतील, अमुक वाजता पांगायचं. अट मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड.

‘थांबायचं नाही’ ही अट कागदावर किरकोळ दिसते, पण माझ्या मते सगळ्यांत जास्त दंगली तिने टळतात. शंभर बँडची रांग एका लयीत चालत नाही. पुढे कुठे वाहतूक अडली, एखादा बँड प्रेक्षकांसाठी रेंगाळला, की मागचे जिथे असतील तिथे उभे राहतात. उभा राहिलेला बँड वाजवतो, पोरं गोल फिरायला लागतात, फोन बाहेर निघतात. १२ जुलै २०१२ ला बेलफास्टमध्ये डोनेगॉल रस्त्यावर, सेंट पॅट्रिक्स चर्चच्या दारात हेच झालं. मिरवणूक अडली, एक बँड चर्चसमोर गोल फिरत आयरिश दुष्काळाची टिंगल करणाऱ्या गाण्याची चाल वाजवत राहिला, त्याचं चित्रण झालं, आणि पुढची अनेक वर्षं तो कोपरा पेटता राहिला. म्हणून मार्ग आखताना नकाशावर रेघ ओढून भागत नाही. अडथळ्याची जागा कुठली, तिथे मागचा बँड कुणाच्या दारात उभा राहील, हे मोजून काढावं लागतं. नाजूक जागेच्या आधी रांगेत मोकळी जागा ठेवायची आणि पुढचा भाग पूर्ण पार झाल्याशिवाय मागच्याला सोडायचं नाही.

दुसरी धोक्याची वेळ शेवटची. सकाळी संघटनेची माणसं रांगेत असतात, संध्याकाळी दारू प्यालेले बाहेरचे समर्थक. डेरीत त्याचा पहिला मारा तटाला लागून असलेल्या फाउंटन या छोट्या प्रोटेस्टंट वस्तीला बसतो, कारण पाहुणे बसमध्ये बसून निघून जातात आणि हे तिथेच राहतात. बसची वेळ, पार्किंग आणि चौक रिकामा करण्याचा क्रम जितका चोख, तितकी रात्र शांत.

तर मग डेरी आणि पोर्टाडाउन यांत फरक कसला? पोर्टाडाउनच्या ऑरेंज ऑर्डरने रहिवाशांच्या संघटनेशी समोरासमोर बोलायला नकार दिला, कारण तिच्या प्रवक्त्याला पूर्वी प्रजासत्ताकवादी, म्हणजे ब्रिटनपासून फुटून अखंड आयर्लंड मागणाऱ्यांच्या, हिंसेबद्दल शिक्षा झालेली होती. आयोगाशीही बोलणं वर्षानुवर्षं टाळलं. त्या रागामागचं दुःख मला समजतं, पण किंमत भयंकर पडली. १९९८ मध्ये आयोगाने गारवाघी रस्ता नाकारला, पुन्हा मोठा तिढा झाला, आणि १२ जुलैच्या पहाटे बॅलिमनी या गावात एका घरावर पेट्रोल बाँब टाकला गेला. तीन लहान भाऊ जळून गेले. तेव्हापासून ती मिरवणूक त्या रस्त्याने कधीच गेली नाही.

डेरीतल्या अप्रेंटिस बॉइजनी बॉगसाइडच्या रहिवाशांशी बोलणी केली. मध्ये शहरातले व्यापारी पडले. त्यांचा स्वार्थ उघड होता: डिसेंबरचा पहिला शनिवार म्हणजे नाताळच्या खरेदीचा दिवस, आणि १९९० च्या दशकात चौकातल्या हाणामारीत दुकानांची शटर खाली आणि काचा फुटलेल्या. स्वार्थी मध्यस्थ वाईट, असं समजू नकोस. ज्याचं नुकसान दोन्ही बाजूंकडून होतं, त्याच्यावर दोघांचाही विश्वास बसतो. बोलणी बराच काळ वेगवेगळ्या खोल्यांत बसून, निरोप्यामार्फत चालली. ठरलेल्या गोष्टी छोट्या होत्या: तटावरून किती जणांनी आणि कोणत्या वेळी चालायचं, चौकात किती वेळ, मुख्य मिरवणूक कुठून, स्वयंसेवक कुणाचे आणि किती. शिवाय १९९८ पासून ऑगस्टच्या मिरवणुकीभोवती मेडन सिटी फेस्टिव्हल सुरू झाला, त्यात नाटक, संगीत, व्याख्यानं. मिरवणूक आठवड्यातली एक गोष्ट झाली, एकमेव राहिली नाही.

तरीही घसरतं. ऑगस्ट २०१९ मध्ये बाहेरगावचा एक बँड शर्टाच्या बाहीवर ब्रिटिश सैन्याच्या पॅराशूट रेजिमेंटचं चिन्ह आणि ‘एफ’ हे अक्षर लावून आला. जानेवारी १९७२ च्या ‘ब्लडी संडे’ला याच शहरात त्या रेजिमेंटने निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या होत्या, आणि त्यातल्या ‘सोल्जर एफ’ या नाव गुप्त ठेवलेल्या सैनिकावर खटला भरायचा निर्णय त्याच वर्षी मार्चमध्ये झाला होता. ज्यांचे भाऊ-बाप गेले, त्यांच्यासमोरून ती बाही गेली. वीस वर्षांची मेहनत एका बाहीवरच्या अक्षराने धोक्यात आली. कारण अगदी साधं: सभासदावर संघटनेचा वचक असतो, पाहुण्या बँडवर नसतो. म्हणूनच ऑरेंज ऑर्डर बँडशी लेखी करार करते, त्यात पोशाख, झेंडे, वर्तन, दारू सगळं येतं. आपल्याकडे ढोलपथकं आणि डीजेवाले बाहेरगावचे असतात. मंडळाच्या अध्यक्षाची सही घेऊन उपयोग नाही, पथकप्रमुखाची घ्या.

आणि सूचनाच न देता मिरवणूक निघाली तर? डिसेंबर २०१२ मध्ये बेलफास्ट नगरपालिकेने युनियन जॅक, म्हणजे ब्रिटनचा झेंडा, वर्षभर न फडकवता ठरावीक दिवशीच फडकवायचं ठरवलं. मग डोनेगॉल चौकातल्या सिटी हॉलकडे दर शनिवारी विनासूचना मोर्चे निघू लागले, शॉर्ट स्ट्रँड या कॅथलिक वस्तीवरून. पोलिसांना वाटलं, आयोगाकडे नोंद नाही म्हणजे आपल्याला थांबवायचा अधिकार नाही. एका रहिवाशाने दावा लावला, आणि २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिकार होता, पोलिसांचा समज चुकीचा होता. नियम पाळणाऱ्यावर अटी आणि न पाळणाऱ्याला मोकळं रान, असं एकदा झालं की पुढच्या वर्षी कुणी फॉर्म भरणार नाही.

आपल्याकडे हे नवं नाही. ७ मे १९७० ला भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल झाली. न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालात मार्ग, घोषणा, गुलाल, सगळं तपशिलाने आलं आहे. बैठकीआधी तो वाच. आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी सुरेश खोपडे यांनी त्याच भिवंडीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. डेरीच्या व्यापाऱ्यांनी केलं त्याच्याशी हे किती मिळतंजुळतं आहे, तूच बघ.

बैठकीत ‘परवानगी द्यायची की नाही’ इथून सुरुवात करू नकोस, पहिल्या पाच मिनिटांत दोन तट पडतील. आधी चौकाचा मोठा नकाशा टेबलावर पसर. प्रार्थनास्थळाच्या दारापासून पन्नास-शंभर मीटर आधी आणि नंतर खुणा कर. नमाजाच्या आणि आरतीच्या वेळा लिही. गेल्या तीन वर्षांत मिरवणूक नेमकी कुठे आणि किती मिनिटं थांबली, हे वाहतूक शाखेच्या हवालदारांना विचार, वरिष्ठांना नको. प्रत्येक पथकामागे स्वयंसेवक किती आणि त्यांचा प्रमुख कोण, हे नावानिशी. त्या चौकातले चार दुकानदार, दोन्ही समाजांचे, समितीत घे, जमलं तर याच बैठकीला. कुणी समोरच्याशी बोलायलाच तयार नसेल तर दोन खोल्या घे आणि निरोप्या तू हो.

नकाशा आणि थांब्यांची टिपणं झाली की मला पाठव. रांगेत मोकळी जागा कुठे ठेवायची ते मी मोजून कळवतो.

तुझा,
विनायक