रबराच्या मळ्याला जंगलात धरू नका : केंद्रीय पर्यावरण व वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : उपग्रहचित्रांवरून ठरवल्या जाणाऱ्या वनाच्छादनात नैसर्गिक जंगल आणि लागवड वेगळी दाखवण्याबाबत

माननीय महोदय,

स. न. वि. वि.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात माझी वडिलोपार्जित पोफळीची आणि माडाची बाग आहे. बागेच्या वरच्या अंगाचा खाजगी मालकीचा डोंगर यंदा एप्रिलमध्ये जेसीबी लावून साफ करण्यात आला. त्याविरुद्ध मी केलेल्या तक्रारीला गेल्या आठवड्यात एका सरकारी कार्यालयाचे लेखी उत्तर आले. उपग्रहाच्या उपलब्ध माहितीनुसार सदर क्षेत्राच्या वनाच्छादनात घट आढळत नाही, असे त्यात म्हटले असून सोबत तालुक्याचा रंगीत नकाशा जोडला आहे. नकाशात आमचा डोंगर हिरवा आहे. प्रत्यक्षात तिथे आज तांबड्या मातीचे कापलेले टप्पे आणि त्यांवर ओळीने लावलेली हातभर उंचीची रबराची रोपे आहेत.

आपला वेळ मोलाचा आहे याची मला जाणीव आहे, आणि एका बागायतदाराचे गाऱ्हाणे दिल्लीपर्यंत न्यावे की नाही याचा मी बराच विचार केला. परंतु ज्या नकाशाच्या आधारे मला परत पाठवले गेले, तो आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या कामावर उभा आहे. म्हणून प्रश्न आपल्यालाच विचारणे भाग आहे.

वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडांच्या छत्राची घनता 10 टक्के किंवा त्याहून अधिक आहे, ती सर्व वनाच्छादनात धरली जाते. मालकी कोणाची, जमिनीचा वापर कशासाठी आणि झाड कोणते, हे पाहिले जात नाही. त्यामुळे बांबू, माड, फळबागा आणि रबराचे मळे त्याच हिशेबात येतात. माझी बागसुद्धा आपल्या नकाशात जंगल ठरत असेल. ती जंगल नाही, हे मी तिचा मालक म्हणून लिहून द्यायला तयार आहे. पोफळीच्या बागेत मी पाणी देतो तेव्हा ती जगते. वरच्या डोंगरावरचे ऐन, किंजळ, कुंभा आणि जांभूळ यांना कोणी पाणी दिले नव्हते, उलट त्यांनीच पावसाचे पाणी धरून ठेवून आमचा झरा फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाहता ठेवला होता.

मेच्या अखेरीस पाऊस लागला आणि पहिल्याच मोठ्या सरीला व्हाळाचे पाणी लाल झाले. वरून आलेल्या मातीने पाट भरला, पाणी बांध फोडून बागेत घुसले आणि पोफळींच्या बुंध्यांशी वीतभर गाळ बसला. आम्ही घरची माणसे घमेल्यांनी तो उपसत होतो. रात्रीच्या पावसात पुन्हा तेवढाच येत होता. खालच्या दोन ओळींच्या झावळ्या आता पिवळ्या पडल्या आहेत. पोफळीचे झाड धरायला सहा-सात वर्षे लागतात, त्यामुळे ही झाडे गेली तर माझ्या वयाला त्यांच्या जागी नवी लावून सुपारी घेणे कठीण आहे. माझ्या वडिलांनी हा पाट हाताने दगड रचून बांधला होता. झऱ्यावर अवलंबून असलेल्या वाडीतल्या घरांना पुढच्या उन्हाळ्यात प्यायला पाणी असेल का, हे आज कोणी सांगू शकत नाही. एवढे सारे घडत असताना कागदोपत्री काहीच घडलेले नाही, हे मला सर्वांत जास्त लागले आहे.

उपग्रहाला हे दिसत नाही, असे कोणी म्हणू नये. वन सर्वेक्षण ज्या लिस-3 कॅमेऱ्याची चित्रे वापरते, त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर साडेतेवीस मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो, म्हणजे आमच्या भाषेत साधारण साडेपाच गुंठे. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांचा ठिपका 10 मीटरचा, म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा. ती चित्रे जगात कोणालाही फुकट मिळतात आणि दर पाच दिवसांच्या आसपास नवीन चित्र येते. माझ्या पुतणीने मार्चचे आणि मेचे चित्र शेजारी शेजारी लावून दाखवले. मार्चमध्ये जिथे दाट हिरवे होते, तिथे मेमध्ये डोंगराच्या आकाराचा तांबूस तुकडा होता आणि त्याच्याकडे चढणारा नवा रस्ताही ओळखू येत होता. घरच्या संगणकावर जे दिसते ते सरकारला दिसत नसेल, तर सरकार त्या काळाचे चित्र पाहतच नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

आणि तसेच आहे. देशाचा वनस्थिती अहवाल दोन वर्षांनी निघतो आणि त्यासाठी मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरमधली निरभ्र चित्रे घेतली जातात. जानेवारी 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातली चित्रे 2019 च्या अखेरची होती. 2023 चा म्हणवला गेलेला अहवाल डिसेंबर 2024 मध्ये आला. कोकणात डोंगर साफ होतो तो एप्रिल-मेमध्ये, आणि लगेच पावसाचे ढग येतात. पुढे जेव्हा केव्हा चित्र घेतले जाईल, तोवर टप्प्यांवर अननस किंवा रबर उभे राहिलेले असेल. रबराचा मळा वाढून छत्र जुळले की तो नकाशात पुन्हा मध्यम दाट जंगल होऊन बसेल. तोडही दिसणार नाही आणि तोडीचा फायदा मात्र वाढीच्या रकान्यात जमा होईल.

रबर आणि जंगल वरून सारखेच दिसतात, असे उत्तर मला एका बैठकीत मिळाले होते. हे उत्तर चुकीचे आहे. रबराचे झाड थंडी संपता संपता आपली सगळी पाने एकदम गाळते आणि थोड्याच आठवड्यांत नवी पालवी फुटते. आमचे सदाहरित जंगल तसे करत नाही, आणि पानझडीच्या जंगलाचे वेळापत्रक वेगळे असते. एकाच जागेची वर्षभराची चित्रे ओळीने लावली की हा फरक स्पष्ट दिसतो. जगभर रबराचे मळे याच पद्धतीने शोधले जातात. ढगांची सबब असेल तर रडारचे उपग्रह ढगांतून पाहतात. आपल्या इस्रोचा ईओएस-04 हा फेब्रुवारी 2022 पासून कक्षेत आहे आणि गेल्याच महिन्यात, 30 जुलै 2025 रोजी, नासाबरोबरचा निसार श्रीहरिकोटाहून सोडण्यात आला. त्या दिवशी वाडीतल्या मुलांबरोबर मीही प्रक्षेपण पाहिले आणि मला मनापासून अभिमान वाटला. दर बारा दिवसांनी तीच जमीन पुन्हा टिपणारा उपग्रह ज्या देशाकडे आहे, त्या देशाच्या कार्यालयाने मला शिळ्या नकाशाची छायाप्रत पाठवावी, याचे दुःख त्या अभिमानामुळेच अधिक झाले.

हा भेद सरकारने कधी केलाच नाही, असेही नाही. आपल्याच मंत्रालयाने नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने एप्रिल 2013 च्या अहवालात उपग्रहचित्रांच्या आधारे पश्चिम घाटातला नैसर्गिक भाग आणि शेती, वस्ती, लागवडीचा भाग वेगवेगळा केला होता आणि नैसर्गिक भाग सुमारे 41 टक्के काढला होता. म्हणजे बारा वर्षांपूर्वी जे जमले ते आज वनस्थिती अहवालात का येत नाही? कारण मला एकच दिसते. लागवड वेगळी काढली तर वनाच्छादनाचा आकडा खाली येईल, आणि तो खाली आलेला कोणालाच नको आहे. तरीही 2023 च्या अहवालाला पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात दहा वर्षांत 58.22 चौरस किलोमीटर वनाच्छादन घटल्याचे मान्य करावे लागले. हा आकडासुद्धा वाढीतून घट वजा करून उरलेला आहे. एका गावात नवी काजूबाग झाली आणि दुसऱ्या गावात शंभर वर्षांची राई गेली, तर या हिशेबात काहीच झाले नाही असे निघते. खरी तोड किती, हे मला कोणत्याही पानावर सापडले नाही. आमच्या बाजूचे निम्मे डोंगर गेले असावेत असा माझा अंदाज आहे. तो चुकीचा असेल तर आपण आकडे देऊन तो खोडावा.

आश्वासनांचे तर विचारूच नये. पश्चिम घाटाच्या रक्षणासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा. कस्तुरीरंगन समितीच्या संवेदनशील गावांच्या यादीतून सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली गावे सुटली. डिसेंबर 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोडामार्ग तालुक्यात वृक्षतोडीला बंदी घातली. मार्च 2024 मध्ये त्याच न्यायालयाने या पट्ट्यातली 25 गावे संवेदनशील घोषित करण्याची प्रक्रिया मुदतीत पूर्ण करायला सांगितले. पश्चिम घाटाचे संवेदनशील क्षेत्र जाहीर करणाऱ्या अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च 2014 मध्ये आला आणि सहावा 31 जुलै 2024 रोजी, म्हणजे वायनाडमध्ये दरडीखाली दोनशेहून अधिक माणसे गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. दहा वर्षांत सहा मसुदे निघतात आणि अंतिम अधिसूचना एकही निघत नाही, तेव्हा डोंगर विकत घेणाऱ्याला त्यातून काय कळते? घाई करा, एवढेच कळते. माळीण 2014 मध्ये गेले, तळिये 2021 मध्ये, इर्शाळवाडी 2023 मध्ये. तिथल्या उतारांचे नकाशे आपण माणसे गेल्यानंतर रंगवले. आम्ही अजून जिवंत आहोत आणि आमच्या डोक्यावरचा उतार कापलेला आहे, म्हणून आत्ताच बोलत आहोत.

ब्राझीलसारख्या देशाने 2004 पासून अॅमेझॉनमधली ताजी तोड उपग्रहावरून टिपून थेट वनरक्षकांना कळवण्याची व्यवस्था उभी केली. त्या वर्षी तिथे सुमारे 27,800 चौरस किलोमीटर जंगल तोडले गेले होते. 2012 पर्यंत हा आकडा साडेचार हजारांच्या आसपास आला. श्रेय एकट्या उपग्रहाचे नाही, कारवाईही झाली. पण कारवाई झाली ती झाडे पडत असताना कोणीतरी पाहत होते म्हणून. आमच्याकडे वणव्याचा इशारा उपग्रहावरून मोबाईलवर येतो, मग जेसीबीचा का येऊ नये?

ज्यांनी जमिनी विकल्या त्यांच्यावर माझा राग नाही. मुंबईत पोट भरणाऱ्या सहहिस्सेदाराला डोंगराचा काय उपयोग? रबर लावणाऱ्याचाही तो धंदा आहे. माझे भांडण त्या यंत्रणेशी आहे जिने पाहण्याची सगळी साधने जमवली आणि पाहिलेले लिहायचे नाही असे ठरवले.

तरी माझी मागणी अशी आहे की, पुढच्या वनस्थिती अहवालात नैसर्गिक जंगल, रबर, काजू आणि इतर लागवड यांचे रकाने स्वतंत्र असावेत. निव्वळ फरकाबरोबर प्रत्यक्ष तोड आणि प्रत्यक्ष वाढ वेगवेगळी छापावी. आणि नकाशा गट नंबरासह ग्रामपंचायतीत लावता येईल इतका बारीक असावा. पंचवीस गावांची अधिसूचना कधी निघणार, याची तारीख मला हवी आहे.

या पत्राला उत्तर देताना कृपया तालुक्याची टक्केवारी पाठवू नये. आमच्या डोंगराचा गट नंबर मूळ तक्रारीत नोंदवलेला आहे. त्या गटाची मार्च 2025 आणि मे 2025 ची दोन उपग्रहचित्रे काढावीत, घट आढळत नाही असे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांवर सही करावी, आणि ती मला पाठवावीत.

आपला,
एक बागायतदार
दोडामार्ग तालुका, जि. सिंधुदुर्ग
ऑगस्ट 2025